आपलं पत्र, आपला खर्च

कोल्हापूर संस्थानाचे कारभारी माधवराव बर्वे राजाचा छळ करतात असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन नवख्या पत्रांनी 1882 साली जे छापलं, त्याचा आधार बनावट पत्रांचा निघाला. संपादकांनी माफी मागितली, तरी अब्रुनुकसानीचा खटला चालला. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. सूट मिळून ते 101 दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ही घटना ‘कोल्हापूर प्रकरण’ म्हणूनच ओळखली जाते. ज्या राजाच्या छळाबद्दल हा सगळा गदारोळ झाला, ते चौथे शिवाजी महाराज 1883 च्या डिसेंबरात अहमदनगरला वारले. त्यांच्या गादीवर मार्च 1884 मध्ये दत्तक आला तो कागलच्या घाटग्यांचा मुलगा यशवंतराव, कोल्हापुरातल्या आमच्या कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये 26 जून 1874 रोजी जन्मलेला. तेच पुढे राजर्षी शाहू झाले.

38 वर्षांनंतरची दुसरी घटना. 31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत ‘मूकनायक’ नावाचं पाक्षिक निघालं. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’नं नकार दिला, अशी नोंद स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेवली आहे. तेव्हा टिळक हयात होते. आणि ‘मूकनायक’ निघावं म्हणून 2500 रुपये देणारे होते बावड्यात जन्मलेले शाहू महाराज.

स्वतःचं म्हणणं स्वतःच्या पत्रातून, स्वतःच्या खर्चानं मांडणाऱ्या माणसांचा मराठीतला इतिहास मला या दोन घटनांच्या मधल्या जागेत दिसतो. एक पत्र लहान असतं, बेधडक असतं, तुरुंगात जातं. ते वाढतं, मान मिळवतं, लोकांच्या सकाळचा भाग होतं. मग दुसरं लहान पत्र त्याच्या दारात येतं. त्या वेळी दार उघडतं की बंद होतं, यावर त्या पहिल्या पत्राचं मोठेपण मोजावं असं माझं मत आहे. लहान पत्रं मोठी झाली की मवाळ होतात, ही तक्रार आपल्याकडे नेहमी होते आणि ती बऱ्याचदा खरीही असते. पण ‘केसरी’ 1920 मध्ये मवाळ झालेला नव्हता. ब्रिटिश सरकारशी त्याचं भांडण चालूच होतं. कुणाला बोलू द्यायचं हे ठरवण्याची ताकद त्याच्याकडे आली होती, आणि ती त्यानं वापरली. प्रस्थापित होण्याचा हा परिणाम भाषेतला जहालपणा कमी होण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, आणि त्याची चर्चा आपण फार कमी करतो.

सुरुवात मात्र त्याहून मागची आहे. शाहूंचा जन्म झाला त्याच वर्षी, 1874 च्या जानेवारीत, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ काढली. ते सरकारी शाळेत शिक्षक होते. भाषा, इतिहास, इंग्रजी राज्य, मराठीतले लेखक, जे मनात येईल त्यावर एकटा माणूस महिन्यामागून महिने लिहीत राहिला. 84 अंक निघाले आणि त्यातला जवळजवळ सगळा मजकूर त्यांच्या एकट्याचा. संपादक मंडळ नाही, मालक नाही, कुणाची मंजुरी नाही. मराठी निबंधाला त्यामुळे जो मोकळेपणा आला तो आजही अंक उघडला की जाणवतो. आणि त्याच मोकळेपणानं त्यांनी जोतीराव फुल्यांवर आणि लोकहितवादींवर जे लिहिलं तेही तिथंच आहे. एकट्याच्या पत्रात माणसाची धिटाई छापली जाते, तसे त्याचे पूर्वग्रहही न गाळता छापले जातात. एकट्यानं लिहिलं म्हणून ते न्याय्य असतं, असं मानण्याची चूक करू नये.

चिपळूणकरांनी 1879 मध्ये नोकरी सोडली. पुढच्या वर्षी न्यू इंग्लिश स्कूल, त्यानंतर 4 जानेवारी 1881 ला ‘केसरी’. एका माणसाच्या मासिकातून एक शाळा, एक छापखाना, दोन पत्रं आणि एक पूर्ण पंथ उभा राहिला. चिपळूणकर 1882 च्या मार्चमध्ये गेले. पंथ राहिला. त्या पंथात ज्याचं म्हणणं मावेनासं झालं तो आगरकर. ‘केसरी’चे पहिले संपादक तेच. बालविवाह, संमतिवय, केशवपन या प्रश्नांवर त्यांचं आणि सहकाऱ्यांचं जमेना, तेव्हा 1887 मध्ये त्यांनी संपादकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. ज्या घराच्या उभारणीत आपण होतो, त्याच घरातून बाहेर पडून पुन्हा आपल्या नावाचं छोटं पत्र काढावं लागणं, हे मराठीत तेव्हापासून वारंवार घडत आलं आहे. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. वयाच्या चाळिशीच्या आतच ते वारले. आज शाळेच्या पुस्तकात टिळक आणि आगरकर एकाच धड्यात शेजारी बसतात आणि दोघांमधला वाद चार ओळींत उरकतो.

आता पुन्हा ‘मूकनायक’. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं, अग्रलेखांमागची लेखणी आंबेडकरांची. मार्च 1920 मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावात जी परिषद भरली, तिथं शाहूंनी आंबेडकरांच्या नेतृत्वाची जाहीर ग्वाही दिली. त्याच वर्षी आंबेडकर शिक्षण पुरं करायला लंडनला गेले, 1922 च्या मे महिन्यात शाहू गेले, आणि 1923 मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं. 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघालं तेव्हा आंबेडकरांकडे ना पैसा होता ना लेखनिक. पाक्षिकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्याला भरावे लागतात, हे त्यांनी त्याच पत्रात वाचकांना सांगितलं. दिवसा वकिली, सभा, महाडचा सत्याग्रह आणि रात्री रकाने. दोन-अडीच वर्षांनी तेही थांबलं.

लोक ‘मूकनायक’चं कौतुक करतात तेव्हा 2500 रुपयांचा उल्लेख एका वाक्यात होतो. मला तो आकडा महत्त्वाचा वाटतो. त्या काळी छोटं पत्र म्हणजे खिळे जुळवणारा जुळारी, कागदाची रिमं, ट्रेडलवर फर्मे काढणारा माणूस, टपालाची तिकिटं, आणि वर्गणीदारानं न सोडवता परत पाठवलेल्या व्ही.पी. यातली प्रत्येक गोष्ट रोख मागते. विचार कितीही मोठा असला तरी शाई उधारीवर फार दिवस मिळत नाही. म्हणून अशा लेखनाच्या इतिहासात स्वातंत्र्याचा प्रश्न विचारायचा असेल तर आधी हे विचारावं: खर्च कोण करतं?

राजानं केला तर काय होतं, याचं उत्तर कोल्हापुरात दोन तऱ्हेचं मिळतं, आणि शाहूंवर मनापासून श्रद्धा असणाऱ्या आम्हा बावडेकरांनी दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. पुण्यात श्रीपतराव शिंद्यांच्या ‘विजयी मराठा’ला शाहूंचा आधार होता. ब्राह्मणेतर चळवळीची पत्रं त्यांच्यामुळे तगली. पण त्याच राजवटीत, 1908 साली, राजाराम कॉलेजातून बाहेर पडलेले प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकावर राजद्रोहाचा खटला झाला. निमित्त पंडित सातवळेकरांच्या ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ या लेखाचं. विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. संस्थानावर ब्रिटिश सरकारची नजर होती, बॉम्बच्या कटांचे दिवस होते, महाराजांचे हात किती मोकळे होते हा अभ्यासाचा विषय आहे. विजापूरकरांचं राजकारण शाहूंच्या राजकारणाच्या विरुद्ध टोकाचं होतं हेही खरं. तरीही एकाच राजाच्या काळात एका पत्राला राजाश्रय मिळाला आणि दुसऱ्याचा संपादक तुरुंगात गेला, ही नोंद पुसून चालणार नाही. आश्रयदाता चांगला असणं ही नशिबाची गोष्ट झाली, पत्राच्या स्वातंत्र्याची नाही.

शाहूंनंतर कोल्हापुरात खंडेराव बागल यांचं ‘हंटर’ 1925 मध्ये सुरू झालं. खंडेराव वकील, सत्यशोधक. मुलगा माधवराव चित्रकार, जे. जे. स्कूलमधला. बापलेकांनी त्या पत्रातून जे फटके ओढले त्यात भटशाहीचा समाचार तर होताच, पण माधवराव पुढे खुद्द दरबाराच्या विरोधात गेले. 1939 मध्ये प्रजा परिषद उभी राहिली, त्यांनी तुरुंग भोगला. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 रोजी बसले ते माधवरावांच्या पुढाकारानं, बाबासाहेब हयात असताना. त्याच बहुजन चळवळीच्या मातीतून बाळासाहेब पाटलांचं ‘सत्यवादी’ आलं, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ 1939 मध्ये दैनिक झाला. ‘पुढारी’ आज महाराष्ट्रभर जातो. ‘हंटर’ मात्र संशोधकांच्या तळटिपांत उरलं. चळवळीतलं एक पत्र वाढून उद्योग झालं, दुसरं चळवळ संपताच संपलं. पहिल्याला यशस्वी आणि दुसऱ्याला अयशस्वी म्हणायला मी तयार नाही. दोघांची कामं वेगळी होती.

मुख्य प्रवाहात सामावून जाणं म्हणजे नेमकं काय होतं, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या बाबतीत. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे 26 वर्षं, ते जवळजवळ एकट्यानं चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. आत गुप्तरोग, समागम, हस्तमैथुन, व्यभिचार, देवधर्म, विवाहसंस्था यांवर सरळ, कोरड्या, शास्त्रीय भाषेत लेख. शकुंतला परांजपे लिहीत. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत, आणि ती उत्तरं वाचली की आजही अंगावर काटा येतो, कारण प्रश्न विचारणाऱ्यानं आयुष्यात दुसऱ्या कुणालाच तो विचारलेला नसणार हे कळतं. कर्वे उत्तर देताना उपदेश करत नाहीत, लाज आणत नाहीत, माहिती देतात. एखाद्या समजुतीला शास्त्रीय आधार नसेल तर तसं एका ओळीत सांगून मोकळे होतात.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्याचं मूळ या प्रश्नोत्तरांतच होतं. कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर. लोकांना लैंगिक शंका असतात आणि जाणकारानं त्यांना उत्तरं देणं यात अश्लील काही नाही, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. ‘बहिष्कृत भारत’चे रकाने एकट्यानं भरणारा माणूस ‘समाजस्वास्थ्य’ एकट्यानं भरणाऱ्या माणसासाठी कोर्टात उभा राहतो, याचं मोल मला त्या निकालापेक्षा मोठं वाटतं. लहान पत्रवाल्यांनी एकमेकांसाठी काय करावं याचा याहून चांगला नमुना मराठीत नाही.

आणि मग 1952 मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्वे तेव्हा जिवंत होते. ज्यासाठी नोकरी गेली ते आता सरकारी धोरण झालं. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावागावांतल्या भिंतींवर आला. 2001 मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. कर्वे जिंकले, असं आपण सहज म्हणतो. पण कर्व्यांच्या मासिकातलं काय जिंकलं हे पाहा. लोकसंख्या कमी करण्याचा उपाय तेवढा स्वीकारला गेला. स्त्रीला स्वतःच्या सुखाचा हक्क आहे, विवाहाबाहेरच्या संबंधांकडे पापाच्या नजरेनं बघू नये, धर्माची परवानगी न घेता शरीराचा विचार करावा, हे त्यांच्या लेखनाचं काळीज होतं, आणि ते भिंतीवरच्या त्रिकोणात आलं नाही. राज्यानं कर्व्यांकडून साधन घेतलं आणि स्वातंत्र्य तिथंच ठेवलं. पुढे आणीबाणीत तर त्याच साधनाची सक्ती झाली. प्रवाह काठावरचा विचार कधी संपूर्ण घेत नाही, त्याला सोयीचा तुकडा घेतो, आणि तो तुकडा म्हणजेच तो माणूस असं पुढच्या पिढीला सांगतो. म्हणून कर्व्यांचा पुतळा बसवण्यापेक्षा त्यांचे अंक वाचायला मिळणं जास्त गरजेचं आहे.

कर्व्यांनंतरची अनियतकालिकांची चळवळ मराठी वाचकाला थोडीफार ठाऊक असते, दंतकथा म्हणून. त्यातलं तंत्र मात्र विसरलं गेलंय. 1954 मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिलचा कागद टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला काढायची, म्हणजे अक्षराचा ठसा थेट मेणात उठतो. चूक झाली तर लाल औषध लावून ते भोक बुजवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा ठोकायचं. मग स्टेन्सिल यंत्राच्या नळकांड्यावर चढवून हँडल फिरवायचं. शाई जास्त झाली तर अक्षरं पसरतात, कमी झाली तर पानाचा कोपरा कोरा जातो. फार प्रती काढल्या की स्टेन्सिल फाटायला लागतं. म्हणजे वाचकसंख्येची मर्यादा त्या कागदातच होती. शाळेचे पेपर, युनियनची पत्रकं ज्या यंत्रावर निघत त्यावर मराठी कविता निघाली, कारण छापखान्याच्या मालकाला आणि मासिकाच्या संपादकाला विचारावं लागत नव्हतं.

‘सत्यकथा’ तेव्हा मराठी साहित्याचं मानाचं व्यासपीठ होतं. तिथं लेखकाच्या मजकुरावर संपादकांचा बारीक हात फिरत असे, त्यातून चांगल्या कथाही घडल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जे तिथं बसत नव्हतं त्याला दुसरी जागा नव्हती. अशोक शहाणे यांनी 1963 मध्ये ‘मनोहर’मध्ये मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा लेख लिहिला आणि ‘असो’ काढलं. मग ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’, ‘भारुड’, ‘आत्ता’, चंद्रकांत खोतांचा ‘अबकडई’. राजा ढालेंनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली, 1969 मध्ये ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी झाली. ही होळी मला पटत नाही. कुठलाच अंक जाळणं पटत नाही. ढालेंचा लेख पुरेसा धारदार होता.

पण याच तरुणांतून जे पुढे आलं त्यानं मराठीचा नकाशा बदलला. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि ‘साधना’च्या 15 ऑगस्टच्या विशेषांकात ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ छापला गेला. त्या अंकाचं काम अनिल अवचटांनी केलं होतं. लेखावरून केवढं वादळ उठलं. तेंडुलकर प्रस्थापित लेखक होते, ‘साधना’ साने गुरुजींनी काढलेलं प्रतिष्ठित साप्ताहिक. त्यांनी दार उघडलं आणि त्याची किंमत मोजली. वर ‘केसरी’च्या नकाराबद्दल लिहिलं, त्याच्या समोर हा होकार ठेवला पाहिजे.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ढसाळांना 1999 मध्ये पद्मश्री. ‘वाचा’वाले भालचंद्र नेमाडे, ज्यांनी लेखकाचा लेखकराव कसा होतो यावर घणाघाती निबंध लिहिला, त्यांना साहित्य अकादमी आणि 2014 चं ज्ञानपीठ. चित्रे यांनाही अकादमी. तेव्हाचे बंडखोर आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहेत. यावर दोन सोपे निष्कर्ष काढले जातात. एक, ते विकले गेले. दोन, ते जिंकले. मला दोन्ही आळशीपणाचे वाटतात. माणसागणिक वेगळं घडलं, आणि ते खर्च कोण करतं या प्रश्नाशी पुन्हा येऊन भिडतं.

कोलटकर कोल्हापुरात जन्मले, इथल्याच राजाराम हायस्कूलमध्ये शिकले. मुंबईत जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शक म्हणून त्यांनी नाव आणि पैसा मिळवला. कवितेनं पोट भरावं अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही, म्हणून कवितेला कुणाचं ऐकावं लागलं नाही. 1976 मध्ये ‘जेजुरी’ इंग्रजीत आली, राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला, जगभर वाचली गेली. तरी मराठी कवितेसाठी ते अशोक शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’तच राहिले. 1977 चं ‘अरुण कोलटकरच्या कविता’ तिथलं, आणि 2004 मधल्या मृत्यूच्या आधीच्या एक-दोन वर्षांत एकामागून एक आलेली ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ हीही तिथलीच. ‘भिजकी वही’ला अकादमीचा पुरस्कार मृत्यूनंतर मिळाला. मोठ्या प्रकाशकाकडे न जाता मोठं होता येतं, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. बावडा कधीचा महापालिकेच्या हद्दीत आला, तरी बावडेकर कुठंही गेला तर स्वतःला बावडेकरच म्हणवतो. कोलटकरांचं तसंच होतं. कवितेचा पत्ता बदलला नाही.

दुसरी वाट गंगाधर पानतावण्यांची. औरंगाबादहून त्यांनी ‘अस्मितादर्श’ पन्नास वर्षं चालवलं. प्रस्थापितांच्या दारात उभं राहण्याऐवजी त्यांनी दलित लेखकांचं स्वतःचं केंद्र उभं केलं, मेळावे भरवले, दोन पिढ्या लिहित्या केल्या. आणि तिसरी वाट त्याहून जुनी, मुकुंदराव पाटलांची. 1910 पासून 1967 पर्यंत, अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून, आधी सोमठाण्याहून आणि मग तरवडीहून, सत्यशोधक ‘दीनमित्र’ निघत राहिलं. पुण्यामुंबईत नाही, तालुक्याच्या गावातही नाही. 57 वर्षांत ते कधी मोठं झालं नाही. ज्यांच्यासाठी निघत होतं त्या शेतकऱ्यांपर्यंत जात राहिलं. अशा पत्राला आपण ‘प्रवाहाबाहेर राहिलेलं’ म्हणतो, तेव्हा प्रवाह म्हणजे फक्त शहर असं गृहीत धरलेलं असतं.

प्रवाहात आल्यावर धोका वाढतो, हेही कोल्हापूरनं पाहिलं. कॉम्रेड गोविंद पानसरे यांचं ‘शिवाजी कोण होता?’ हे मुळात एक भाषण. 1988 मध्ये त्याची पुस्तिका झाली, हातोहात गेली, अनेक भाषांत आली, लाखाहून अधिक प्रती खपल्या. छोट्या पुस्तिकेला इतका वाचक मिळणं हे मराठीत विरळ. 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. हत्येमागची कारणं ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण त्यानंतर कोल्हापुरात काही लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ती सकाळ आहे, आणि लोकांनी त्यांची पुस्तिका त्यानंतर आणखी वाचली, हेही खरं आहे.

आज लिहिण्यासाठी जुळारी लागत नाही, स्टेन्सिल लागत नाही. हातातल्या फोनवर दोन मिनिटांत म्हणणं मांडता येतं. यानं मराठीत लिहिणारी माणसं कितीतरी पटींनी वाढली, त्यात घरातल्या बायका आहेत, ऊसतोड कामगारांची शिकलेली मुलं आहेत, परदेशातली कुटुंबं आहेत. त्याचा मला आनंद आहे. पण लहान असण्याचा आडोसा त्याबरोबरच गेला. ‘शब्द’ मोजक्या लोकांत फिरायचं, चूक झाली तर त्यांच्यातच वाद व्हायचा. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवर व्यक्त केलेल्या मतापायी अटक झाली. त्या अटकेतून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं. हा फार मोठा दिलासा होता. 7 जून 2023 रोजी कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. त्या स्टेटसचं समर्थन करायचं कारण नाही. पण एका माणसाचं खासगी म्हणणं आणि शहराचा सार्वजनिक चौक यांच्यामध्ये पूर्वी जे अंतर होतं, ते आता उरलेलं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. आजचा लिहिणारा पहिल्याच ओळीला प्रवाहात असतो, त्याची तयारी झालेली असो वा नसो.

खर्चाचा प्रश्नही फक्त रूप बदलून उभा आहे. फोनवर लिहायला पैसे लागत नाहीत, पण ते कुणापर्यंत पोचवायचं हे परदेशी कंपनीचं गणित ठरवतं, आणि ते गणित लेखकाला दाखवलं जात नाही. छापील बाजूला जिल्ह्याजिल्ह्यांतली साप्ताहिकं सरकारी जाहिराती, कोर्टाच्या नोटिसा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर उभी आहेत. ज्याच्या वाढदिवसाचं पान पहिल्या पानामागे छापलं, त्याच्याबद्दल पुढच्या आठवड्यात काय लिहिणार? बूम घेऊन कारखान्याच्या सभेला जाणाऱ्या तरुण बातमीदाराला हा प्रश्न रोज पडतो. त्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण त्याला वाचकाकडून रुपयाही मिळत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि ते कोल्हापूरच्या वाचकाकडे आहे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या शहरात उभं आहे. जुन्या पत्रांच्या बांधीव फाइली जिथं जिथं शिल्लक आहेत तिथं त्यांचं पान उलटताना कडा हातात तुटून येतात. ‘हंटर’, ‘विश्ववृत्त’, ‘विजयी मराठा’, ‘समाजस्वास्थ्य’ यांचे मिळतील ते अंक स्कॅन करून कुणालाही फुकट वाचता येतील असे ठेवायला शासनाची वाट बघायची गरज नाही. एका सहकारी संस्थेचा एका वर्षाचा धर्मादाय निधी पुरेल. आणि चालू असलेलं एखादं लहान मासिक निवडून त्याची पाच वर्षांची वर्गणी आगाऊ भरावी, अंक आवडो न आवडो. आवडला नाही तर संपादकाला तसं पत्र लिहावं, आणि त्यानं ते छापावं.